आगगाडी, बस की शटल? : युरोपातल्या सरहद्दी ओलांडताना



गेल्या महिन्यात आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. हातात चौघडी घातलेला फुलस्केप कागद होता. मुलगा ऑस्ट्रियातल्या लिंत्स या पोलादाच्या शहरात नोकरीला आहे. त्याने आईवडिलांना दोन महिन्यांसाठी बोलावले आहे. पण त्याला रजा थोडी. तेव्हा मधले दहा-बारा दिवस दोघांनी आपले आपण हिंडावे असे ठरले. सुनेने कागदावर गावे मांडून दिली होती : चेकियातले क्रुमलॉव्ह, मग ऑस्ट्रियातले हालश्टाट, पुढे स्लोव्हेनियातले ल्युब्ल्याना, क्रोएशियातले स्प्लिट आणि दुब्रोव्निक, तिथून एका दिवसात बोस्नियातले मोस्तार पाहून परत दुब्रोव्निक, आणि शेवटी विमानाने व्हिएन्ना. पाच देश! मुलगा म्हणतो आगगाडीने जा, सून म्हणते शटल करा, आणि शेजारचा एक मुलगा म्हणतो की बस सगळ्यांत स्वस्त.

गुरुजी म्हणाले, "सर, तुम्ही जाऊन आलात. तुम्ही सांगा. मला आयुष्यात एस.टी. आणि पॅसेंजर यांच्यापलीकडे काही निवडावं लागलेलं नाही."

मी इतिहास शिकवतो. प्रवासी कंपनी चालवत नाही. पण २०२४ च्या मे महिन्यात मी, पत्नी आणि माझी आई असे तिघे त्याच भागात हिंडलो होतो, आणि एक फटकाही खाल्ला होता. त्या अनुभवाच्या बळावर गुरुजींना जे सांगितले तेच आज आपल्याला सांगतो. आपल्या गावांतून, शाळांतून आता पुष्कळ आईबाप मुलांकडे युरोपात जातात. जाताना मुलगा तिकिटे काढून देतो हे खरे. पण फलाटावर उभे राहायचे ते आपल्यालाच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे शटल म्हणजे दोन स्टेशनांच्या दरम्यान फेऱ्या घालणारी छोटी गाडी. तिकडे प्रवासी लोक ज्याला शटल म्हणतात ती मोटार असते, सात-आठ जणांची. आपले वडाप डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की ती भरेपर्यंत थांबत नाही. जागा आधी सांगून ठेवावी लागते, आणि ती मुक्कामाच्या दारापासून दुसऱ्या गावच्या मुक्कामापर्यंत नेते. बस म्हणजे लांब पल्ल्याची, सरहद्द ओलांडणारी मोठी गाडी. आगगाडी काय ते सांगायला नको.

आता पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती अशी की, तिकडचे रूळ हे सरहद्दींपेक्षा वयाने मोठे आहेत. व्हिएन्नाहून ट्रिएस्ट बंदरापर्यंतचा लोहमार्ग १८५७ मध्ये पुरा झाला. तेव्हा ट्रिएस्ट, ल्युब्ल्याना, व्हिएन्ना ही सगळी एकाच बादशहाच्या अमलाखाली होती. वाटेतला सेमरिंगचा घाट त्याआधीच, १८५४ मध्ये, कार्ल फॉन गेगा या इंजिनिअराने बांधून काढला. आपला बोरघाट आगगाडीने चढला तो १८६३ मध्ये. म्हणजे सेमरिंग हा त्याचा थोरला भाऊच म्हणायचा. एकेचाळीस किलोमीटरचा तो तुकडा आज जागतिक वारसा म्हणून जपला जातो. पुढे साम्राज्य मोडले, देश वेगळे झाले, आणि रूळ मात्र जिथल्या तिथे राहिले. आज त्याच मार्गाने तुम्ही ट्रिएस्टहून निघून व्हिएन्नाला गेलात तर इटली, स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रिया असे तीन देश लागतात.

याचा व्यवहारात अर्थ काय? जिथे जुने राज्य एक होते आणि राजधानीकडे रूळ जात होते, तिथे आगगाडी आजही उत्तम. प्राग ते व्हिएन्ना घ्या. सुमारे चार तास, शहराच्या पोटातून निघायचे आणि शहराच्या पोटात उतरायचे. तिथे बसचा विचार पैशाखेरीज दुसऱ्या कारणाने करू नये. उलट जिथे नंतरच्या काळात सरहद्द आडवी आली तिथे रूळ असूनही गाडी नसते. ट्रिएस्ट आणि ल्युब्ल्याना यांच्यात शंभर किलोमीटरसुद्धा अंतर नाही, रूळही शाबूत. तरी मधली काही वर्षे तिथे थेट उतारू गाडीच नव्हती. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तोवर लोक मुकाट्याने बसने जात. आणि दुब्रोव्निकला तर आज रेल्वेच नाही. तिथे अरुंद मापाची, ७६० मिलिमीटरची गाडी १९०१ मध्ये आली. आपल्या बार्शी लाइटचे मापही जवळजवळ तेवढेच होते. पण १९७६ मध्ये ती बंद झाली. नकाशा पसरून "दुब्रोव्निकला कोणती ट्रेन जाते?" म्हणून शोधत बसणारे भेटतात, त्यांना हे सांगावे लागते.

गुरुजींना मी म्हटले, कागदावरची गावे सोडा. दोन गावांच्या मध्ये सांधे किती आहेत ते मोजा.

रेल्वेत सांधेवाला असतो ना, गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेणारा? प्रवासालाही सांधे असतात. गाडी बदलायची, स्टेशन सोडून बसथांबा गाठायचा, नावेत बसायचे, सरहद्दीवर उतरायचे. प्रवास मोडतो तो बहुतेक सांध्यावर. सरळ रस्त्यावर कितीही तास लागोत, माणूस बसून असतो. सांध्यावर त्याला उठावे लागते, सामान उचलावे लागते, पाटी वाचावी लागते. आणि पाटी कुठल्या भाषेत असेल हे देव जाणे.

या पाट्यांची एक गंमत सांगतो. ल्युब्ल्यानाच्या स्टेशनावर मी व्हिएन्नाची गाडी शोधत होतो. पाटीवर व्हिएन्ना नाही, जर्मनांचे वीनही नाही. एका गाडीपुढे लिहिले होते 'दुनाय'. मला वाटले, डॅन्यूब नदीकाठचे एखादे गाव असेल. पत्नीने एका विद्यार्थिनीला विचारले तेव्हा कळले की स्लोव्हेनियन भाषेत दुनाय म्हणजेच व्हिएन्ना. क्रोएशियात तीच नगरी बेच होते आणि चेक माणूस तिला वीदेन्य म्हणतो. व्हेनिसचे बेनेत्के होते, लिंत्सचे चेक भाषेत लिनेत्स. तेव्हा निघण्यापूर्वी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक शहराची ही दोन-तीन नावे लिहून ठेवावीत. गुरुजींनी लगेच पेन्सिल काढली. शिक्षकाला यादी करायला सांगितली की त्याला बरे वाटते.

आता क्रुमलॉव्ह आणि हालश्टाट यांच्याकडे वळतो. निवड कशी करावी हे तिथे स्पष्ट दिसते.

क्रुमलॉव्ह हे नदीच्या वळणात बसलेले लहानसे जुने गाव. त्याचे रेल्वे स्टेशन मात्र वर टेकाडावर, जुन्या पेठेपासून दीडएक किलोमीटर दूर. पेठेत सगळी दगडी फरसबंदी. चाकांची बॅग त्या दगडांवरून ओढताना जो आवाज होतो तो ऐकून मालकाला बॅगेची दया येते. लिंत्सहून तिथे रस्त्याने सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. शटलने सव्वा तास. आगगाडीने जायचे तर बुड्यायोव्हित्से या शहराला गाडी बदलायची; तीन तासांच्या आसपास वेळ जातो.

पण या लिंत्स ते बुड्यायोव्हित्से रेल्वेची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली १८५३ साली. त्याच्या एकवीस वर्षे आधी, १८३२ मध्ये, या दोन शहरांमध्ये रुळांवरून गाड्या धावू लागल्या होत्या, आणि त्या ओढीत होते घोडे! वाहतूक कसली? मुख्यत्वे मिठाची. हालश्टाटच्या परिसरातल्या डोंगरांत मिठाच्या खाणी आहेत. ते मीठ उत्तरेकडे बोहेमियात पोचवायचे होते. आज ज्या दोन गावांमध्ये प्रवासी पर्यटनासाठी धावतात त्यांना जोडणारी मूळ वाट ही अशी मिठाची वाट. गुरुजींना हे ऐकून इतका आनंद झाला की तिकिटाचा विषय पाच मिनिटे बाजूला राहिला.

तर क्रुमलॉव्हहून सरळ हालश्टाटला जायचे झाले तर आगगाडीने सांधे मोजा. क्रुमलॉव्ह ते बुड्यायोव्हित्से, तिथे बदल. तिथून लिंत्स, पुन्हा बदल. लिंत्सहून आटनांग-पुखहाइम, पुन्हा बदल. तिथून डोंगरातली गाडी हालश्टाट स्टेशनावर आणते. आणि उतरल्यावर काय दिसते? गाव समोर दिसते, पण मध्ये तळे! स्टेशन तळ्याच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या. गाडीच्या वेळेवर नाव येते आणि पलीकडे नेते. म्हणजे चार सांधे, आणि चौथा पाण्यावरचा. शिवाय संध्याकाळी उशिरा येणाऱ्या गाडीला नाव मिळत नाही. आधीच्या तीन सांध्यांपैकी एक चुकला आणि तुम्ही रात्री आठला त्या स्टेशनावर उतरलात, तर पलीकडचे दिवे पाहत बसावे लागेल. हेच अंतर शटल तीन-साडेतीन तासांत काटते, एकही सांधा नाही, सामान चालक उचलतो. भाडे माणशी आगगाडीपेक्षा बहुधा जास्त पडते. पण चौघे असाल आणि सगळी मोटार मिळून घेतली तर तो फरक बराच कमी होतो.

मग शटलच घ्यावी का? थांबा. गुरुजींचा मुलगा राहतो लिंत्सला. क्रुमलॉव्ह पाहून त्यांना घरी परतता येते. मोठ्या बॅगा घरी ठेवून शटलने क्रुमलॉव्हला जावे, एक रात्र राहून तसेच परत यावे. मग दुसऱ्या दिवशी लिंत्सहून हालश्टाट आगगाडीने. आता सांधे किती? आटनांग-पुखहाइमचा एक आणि नावेचा एक. सरहद्द नाही, सगळा प्रवास एकाच देशात आणि रेल्वेचे तिकीट एकच. सकाळी निघाले तर दुपारी जेवायला पलीकडच्या काठावर. आणि त्या तळ्यावरून नावेने गावाकडे येणे यासारखे सुख मोटारीत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आई त्या नावेत पंधरा मिनिटे एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसली म्हणजे तिला फार आवडले असे आम्ही धरतो.

'तिकीट एकच' असे मी मघाशी म्हणालो. ते का म्हणालो हे सांगण्यासाठी माझा फटका सांगितला पाहिजे.

आम्ही झाग्रेबहून ल्युब्ल्यानाला आणि तिथून त्याच दिवशी व्हिएन्नाला जाणार होतो. झाग्रेब ते ल्युब्ल्याना साधारण १४० किलोमीटर. आगगाडीला सव्वादोन-अडीच तास, बसलाही कागदावर तेवढाच वेळ. बस काही युरोंनी स्वस्त होती. मी हिशेबी माणूस; बस घेतली. पुढचे व्हिएन्नाचे आगगाडीचे तिकीट आधीच सवलतीत काढलेले होते, त्याच गाडीला चालणारे, न बदलणारे. मध्ये पाऊण तास मोकळा. मनात म्हटले, पुष्कळ झाला.

एक गोष्ट मी विचारली नव्हती : ही बस झाग्रेबहून सुटते की झाग्रेबवरून जाते? ती दूर दक्षिणेकडून येत होती. तिकडचा उशीर घेऊनच ती आली, सत्तर मिनिटांनी. पुढे स्लोव्हेनियाच्या हद्दीवर पोलिसांनी थांबवली. आता तुम्ही म्हणाल, दोन्ही देश शेंगेनमध्ये, मग तपासणी कसली? क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला शेंगेनमध्ये आला हे खरे. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्लोव्हेनियाने त्या हद्दीवर तपासणी पुन्हा सुरू केली. जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सर्व जमिनीवरच्या हद्दींवर तेच केले. नियमाने सरहद्द उघडी असते आणि व्यवहारात शिपाई उभा असतो, असा प्रकार आहे. म्हणून पासपोर्ट बॅगेत खाली नाही, अंगावर ठेवायचा. पन्नास माणसांची बस एका माणसाच्या कागदापायी अडकते. शटलमध्ये माणसे सात-आठ, म्हणून तो वेळ कमी लागतो, एवढा तिचा फायदा. आगगाडीत पोलीस डब्यात चढतात आणि बसल्या जागी कागद पाहतात. झाग्रेब मार्गावर दोबोवा नावाचे हद्दीवरचे स्टेशन आहे. तिथे विजेचा दाब बदलतो, क्रोएशियात २५ हजार व्होल्ट आणि स्लोव्हेनियात ३ हजार, म्हणून एंजिनही तिथे बदलत. पूर्वी आपल्या इगतपुरीला होत असे तसेच. त्या खोळंब्यात तपासणी उरकून जाते. माणसाला उठावे लागत नाही.

आम्ही ल्युब्ल्यानाला पोचलो तेव्हा व्हिएन्नाची गाडी जाऊन पस्तीस मिनिटे झाली होती. बसच्या खिडकीवरचा माणूस नम्र होता. तो म्हणाला, बसचे तिकीट ल्युब्ल्यानापर्यंतचे, तिथवर आम्ही आणले. रेल्वेच्या खिडकीवरची बाई म्हणाली, गाडी वेळेवर गेली, तुम्ही आला नाहीत. दोघेही बरोबर! आईचे गुडघे सुजलेले. दोन गाड्या बदलून मध्यरात्रीनंतर पोचण्यापेक्षा तिथेच मुक्काम केला. तिघांची नवी तिकिटे, खोलीचे भाडे. बसने वाचवलेले युरो किती आणि गेलेले किती, हे पत्नीने मला अजून विसरू दिलेले नाही.

रात्री आई अंथरुणावर पाय चोळत म्हणाली, "अरे, कोल्हापूरला एस.टी. बदलायची असली की तू कंडक्टरला आधी काय विचारतोस? पुढची गाडी थांबेल का? मग इथं का नाही विचारलंस?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मी परत आल्यावर तिथले कायदे वाचले. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांचा नवा नियम जून २०२३ पासून लागू आहे. एका तिकिटावर सलग प्रवास असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. शिवाय मुक्कामी पोचायला एक तासाहून उशीर झाला तर तिकिटाच्या पंचवीस टक्के आणि दोन तासांहून झाला तर पन्नास टक्के भरपाई मागता येते. काही अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हा. बसचाही कायदा आहे, पण त्यातले मोठे हक्क अडीचशे किलोमीटर आणि त्यापुढच्या पल्ल्याच्या बससेवेला लागतात, आणि तेही गाडी सुटायला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर. आमच्या बसचा उशीर सत्तर मिनिटांचाच. कायद्याच्या जाळीतून आम्ही गळून पडलो! शटलचे तर सगळे तुमच्या आणि त्या मालकाच्या करारावर. म्हणून ती घेताना, रद्द केली तर पैसे किती मिळतील आणि मोटार आलीच नाही तर काय, हे आधी लिहून घ्यावे.

तेव्हा पाठोपाठ दोन गाड्या धरायच्या असतील तर दोन्ही एका तिकिटावर असाव्यात. तसे जमत नसेल तर मध्ये पाऊण तास नव्हे, एक रात्र ठेवावी. वय झालेल्या माणसांनी तर ठेवावीच. मी आईला घेऊन पुन्हा गेलो तर त्या रात्रीचे भाडे खुशीने देईन.

रेल्वेबद्दल आणखी दोन बारीक गोष्टी, कारण आपल्या सवयी वेगळ्या. ऑस्ट्रिया-जर्मनीत पुष्कळ गाड्यांना तिकीट म्हणजे जागा नव्हे. जागेचे आरक्षण निराळे, थोडे पैसे भरून करायचे. न करता चढलात तर उभे राहण्याची वेळ येऊ शकते. आणि काही गाड्या वाटेत तुटतात. निम्मे डबे एकीकडे, निम्मे दुसरीकडे. फलाटावर नुसती गाडी ओळखून भागत नाही, डब्यावरची पाटी वाचावी लागते.

हालश्टाटनंतर ल्युब्ल्याना. तिथे मी गुरुजींना निःशंकपणे आगगाडी सांगितली, फिलाख आणि येसेनित्से या मार्गाने. मध्ये कारावांकन पर्वत आहे. त्याच्या पोटातून १९०६ मध्ये रेल्वेचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा गेला, आणि जवळच मोटारींचा तेवढाच लांब बोगदा १९९१ मध्ये झाला. उन्हाळ्यात शनिवारी सारा मध्य युरोप समुद्राकडे निघतो तेव्हा त्या मोटारींच्या बोगद्यापुढे रांगा लागतात; बसही त्यातच आणि शटलही त्यातच. आगगाडी मात्र आपल्या जुन्या भोकातून निघून जाते.

स्प्लिटहून दुब्रोव्निकला बस. तिथे आगगाडीची निवडच नाही, आणि समुद्राकाठचा तो रस्ता फार देखणा आहे. चार-साडेचार तास. पण इथे मी गुरुजींना म्हटले, "तुमचा पासपोर्ट बरोबर आहे का?" होता. खादीच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. आम्ही व्हिसाचे पान उघडले. तिथे किती वेळा प्रवेश करता येईल याचा एक लहानसा रकाना असतो. त्यात ०१, ०२ किंवा 'अनेक' या अर्थाची अक्षरे असतात. गुरुजींच्या पानावर होते ०१.

या एका आकड्यात सगळे आहे. शेंगेनचे आज २९ देश. त्यांत एकदा शिरलात की आत कितीही हिंडा. पण बाहेर पाऊल टाकले की तो एक प्रवेश संपला. पुन्हा आत येता येत नाही, मुदत शिल्लक असली तरी. बोस्निया, सर्बिया, माँटेनेग्रो हे शेंगेनच्या बाहेर आहेत. आणि क्रोएशियाचा किनारा सलग नाही. नेऊम या गावापाशी वीसेक किलोमीटर किनारा बोस्नियाचा आहे. त्याचे मूळ १६९९ च्या तहात : दुब्रोव्निकच्या छोट्या प्रजासत्ताकाने व्हेनिसकरांची हद्द आपल्याला लागू नये म्हणून मधली पट्टी तुर्कांकडे राहू दिली. तीनशे वर्षांपूर्वीचा तो शहाणपणा पुढे बसमधल्या माणसांना भोवत होता : स्प्लिटहून निघालेली बस बोस्नियात शिरायची आणि पुन्हा क्रोएशियात यायची. २६ जुलै २०२२ ला पेल्येशॅक पूल खुला झाला आणि समुद्रावरून जाणारी वाट मिळाली. तेव्हा तिकीट काढताना विचारायचे : गाडी पुलावरून जाते की नेऊमवरून? पुलावरून असेल तरच बसायचे. दोन अक्षरी प्रश्न म्हणा, पण तो चुकला तर गुरुजींसारखा माणूस परक्या हद्दीवर उभा राहील आणि व्हिएन्नाचे विमान, मुलगा, घर, सगळे पलीकडे राहील. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या हद्दींवर येणेजाणे यंत्रात नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तेव्हा शिक्का उमटला नाही म्हणून चालून जाईल, या भरवशावर कोणी राहू नये.

"मग मोस्तार?" गुरुजींनी विचारले.

मी म्हटले, मोस्तार बोस्नियात आहे. आगगाडीने जा, बसने जा, शटलने जा. या व्हिसावर परत येता येणार नाही.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथला जुना पूल तोफांनी पाडला तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला होता. मी तो कापून वर्गात लावला होता. चारशे वर्षांचा पूल. पोरांना म्हटलं होतं, बघा. २००४ ला पुन्हा बांधला तेव्हाचाही फोटो लावला. सुनेला ते माहीत होतं म्हणून तिनं ते नाव घातलं."

मला वाईट वाटले. अर्ज करतानाच एकाहून अधिक प्रवेश मागितला असता, कारण आणि प्रवासाचा आराखडा जोडला असता, तर कदाचित मिळाला असता. पहिल्या खेपेला मिळतोच असे नाही. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी नियम थोडे सैल झाले आहेत : आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. मुलगा तिकडे असल्यावर गुरुजी पुन्हा जातीलच. बोस्नियाचा स्वतःचा प्रवेशाचा नियम वेगळा. तो त्यांच्या वकिलातीकडे जाण्याआधी विचारावा लागेल.

गुरुजींनी कागद उलगडला. मोस्तारवर रेघ मारली, पण अशी हलकी की खालचे नाव वाचता यावे. त्याच्या पुढे कंसात लिहिले : दुसऱ्या खेपेस. मग चष्मा वर सारून विचारले, "सर, ती तळ्यातली नाव. तिचं तिकीट रेल्वेच्या तिकिटातच येतं, की नावाड्याला वेगळे पैसे द्यायचे?"

वेगळे द्यायचे, मी सांगितले. सुटे युरो जवळ ठेवा.